नाकिगोझीची मुंगी

४ नोव्हेंबर

ही नवी जाती आहे! आता संशयास तिळभरही स्थान नाही.

डोक्याच्या मागील कडेस करवतीसारखे दाते. पाठीवरचे दोन्ही काटे आखूड आणि किंचित बाहेर वळलेले. कंबरेचा दुसरा मणी वाटोळा — हिच्या ज्ञात नातलगांपैकी एकाचाही तसा नाही. वर्ण मंद काळा, पॉलिश न केलेल्या बुटासारखा. निवासस्थान : भुंगेऱ्याने पोखरून सोडलेली शुष्क काटकी. भाडे नाही, दुरुस्ती नाही, घरमालक परागंदा. कंपालातील अस्मादिकांच्या भाड्याच्या घरापेक्षा सर्वार्थाने श्रेष्ठ.

शेजारच्या टेबलावरून डॉ. बिरुंगी — वय माझ्या निम्मे, जिव्हा दुप्पट — म्हणाली, "सर, तीन वर्षं झाली. आता तरी बारसं करा. म्हातारी होऊन मरेल ती."

"ती मृतच आहे. टाचणीवर आहे."

"मग निदान जेवण तरी घाला!"

नाव ठरलेले आहे. मुंगी सापडण्याच्या कितीतरी आधीपासून.

६ नोव्हेंबर

वर्णन, मापे, आकृत्या — सर्व नियतकालिकाकडे रवाना. जातीचे नाव माझ्या बहिणीवरून : नाकिगोझी. विज्ञानाच्या इतिहासात आज कोठेही दुंदुभी वाजली नाही. चहा थंड होता.

११ नोव्हेंबर

वांडेगेयाच्या बाजारात नाकतोडे आले! पंख-पाय खुडलेले, कांद्यावर खरपूस परतलेले. प्रतिष्ठित प्राध्यापकाने भर रस्त्यात कागदाच्या पुडीतून खाऊ नये, असा संकेत आहे. अस्मादिकांनी तो पुडीसकट चुरगाळला.

मी एक नाकतोडा खुडेपर्यंत नाकिगोझी मूठभर खुडायची. वर माझ्याच वाट्यातले खायची. "तू लहान आहेस, तुझं पोट दुखेल." ती सतरा वर्षांची, मी नऊ. आई तापाने गेल्यापासून आम्ही दोघे गावाला आत्याकडे. आत्याच्या कॉफीच्या मळ्यावर सावली धरणारा एक मुतुबा — ज्याची साल कुटून वस्त्र करतात, म्हणजे शुद्ध भाषेत वल्कलवृक्ष — तोच आमचा प्रासाद, तीच आमची प्रयोगशाळा. नाकिगोझी सरसर शेंड्यापर्यंत चढायची, सरपणासाठी वाळक्या काटक्या मोडायची, आणि पोकळ काटकी सापडली की तोंडाला लावून फुंकायची. काळ्या मुंग्या पावसासारख्या खाली!

पण त्या खाली पडत नसत. हवेतच वळत. पार्श्वभाग पुढे करून, उलट्या, अचूक त्याच झाडाच्या खोडाला येऊन चिकटत. चिकटल्या की निघाल्या वर. आमची पैज लागे. कोणती मुंगी कोणाची ते कळावे म्हणून ती कसाव्याच्या पिठाचा ओला ठिपका त्यांच्या पाठीवर देई. पुढे पाश्चात्य पंडितांनी हाच प्रयोग महागड्या रंगाने केला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. आद्यजननी आमच्या घरी होती. अनवाणी.

त्या वर्षी लढाई होती. मीठ नव्हते. नाकतोडे अळणीच खाल्ले.

१५ नोव्हेंबर

संपादकांचे पत्र. वर्णन मान्य! मापे मान्य! कंबरेचा मणी — 'निर्णायक' म्हणतात. एकच शंका, आणि तीही विनयपूर्वक : नावाच्या व्युत्पत्तीत 'माझी बहीण नाकिगोझी' एवढेच लिहिले आहे. हे नाव तिच्या 'सन्मानार्थ' की 'स्मृतिप्रीत्यर्थ'? कृपया स्पष्ट करावे.

बाई हयात आहे का, एवढेच विचारले आहे.

नाकिगोझी मिठासाठी मिशनपर्यंत गेली. वाटेत सैनिकांचे नाके होते. परतली नाही. शव मिळाले नाही. अशा माणसाच्या नावाने आमच्यात केळीचा खुंट वल्कलात गुंडाळून पुरतात, मग घर सुतकातून मोकळे होते. आमच्या घरी खुंट पुरला गेला नाही. पेर्पेत्वा आत्याने पुरू दिला नाही. "येईल," म्हणाली. आजही म्हणते.

मी काय वेडा आहे? मला सर्व ठाऊक आहे. परंतु दर भेटीस, निघताना, दारात उभा राहून मी विचारतो, "आत्या, नाकिगोझीचं काही कळलं?" केवळ त्या वृद्धेचे मन राखावे म्हणून! ती म्हणते, "येईल रे." मग मी निघतो. एवढ्या वर्षांच्या श्रद्धेत टाचणी खुपसण्याइतका शास्त्रज्ञ मी नाही.

१६ नोव्हेंबर

'सन्मानार्थ' लिहिले. खोडले. 'स्मृतिप्रीत्यर्थ' लिहिले. संगणकच बंद केला.

२२ नोव्हेंबर

गावी. आत्याची दृष्टी मंद झाली आहे, वाणी नाही. अर्धा तास क्षेमकुशल — माझे, बिरुंगीचे, विद्यापीठाच्या छपराचे. मग मातोके — उकडून कुटलेली हिरवी केळी —, शेंगदाण्याची आमटी, मग विषय.

"मुंगीला? नाकिगोझीचं नाव मुंगीला?"

"आत्या, जगभर छापलं जाईल."

"अरे बोनिफासी, नाव कुळाचं असतं. उदमांजर हे आपलं देवक — त्याला हात लावत नाही आपण. आता मुंगीही कुळात घ्यायची? माझ्या साखरेत आली तर काय, पाट मांडू तिला?"

"ही साखरेत येत नाही. आपल्या मुतुब्यावरच राहते."

"लग्नाची झाली की तिच्या आत्याने, म्हणजे मी, चार गोष्टी शिकवायच्या का तिला?"

"तिच्यात नर उडून येतो, आत्या, आणि काम झालं की मरतो."

"मग शिकवण्यासारखं काही नाही. सुखी आहे."

पोट धरून हसलो. दोघेही. ज्यासाठी आलो ते विचारणे मात्र जमले नाही. संपादकाला काय कळवू?

निजण्यापूर्वी म्हणाली, "उद्या दाखव मला. कोण आहे ही, बघते. मग नाव द्यायचं की नाही सांगेन."

२३ नोव्हेंबर

प्रातःकाली मुतुब्याखाली चटई अंथरली. आत्या बसली. अस्मादिक, वय बावन्न, वजन अनुल्लेखनीय, वृक्षारोहण करते झाले. खालून सूचना : "डावा पाय! अरे, डावा! ती माकडासारखी चढायची, तू पोत्यासारखा चढतोस."

काटकी सापडली. टोकाशी तेच वाटोळे भोक. मुंग्यांच्या पाठीवर कसाव्याचे पीठ — रंग पिशवीत होता, पण पीठच लावले. फुंकर मारली.

वळल्या! चाळीस वर्षांपूर्वीसारख्याच वळल्या, उलट्या आल्या, खोडाला बिलगल्या. एकेक पांढरा ठिपका चढू लागला. आत्या उठून खोडाला डोळे भिडवून उभी. "आली. ही पण आली. अगं बाई, ही बघ!" टाळ्या पिटत होती. मी वर फांदीला मिठी मारून ठिपके मोजत होतो.

उतरलो तेव्हा ती पुन्हा चटईवर बसली होती. मांडीवर, झग्याच्या घडीत, एक पांढरा ठिपका.

"ही नाही गेली परत."

"चुकतात, आत्या. कधी कधी. वारा असतो."

"हं."

पुष्कळ वेळ ती त्या ठिपक्याकडे पाहत राहिली. मग बोटावर घेऊन मुंगी खोडाला लावली. नावाविषयी काहीच बोलली नाही.

निघताना सवयीने दारात थांबलो. विचारले. पहिल्यांदाच ती 'येईल' म्हणाली नाही. म्हणाली, "आज जाऊ नकोस."

२४ नोव्हेंबर

सकाळी आत्या परसात. समोर तोडलेला केळीचा खुंट, त्यावर नवे वल्कल.

"मला त्याच महिन्यात कळलं होतं," म्हणाली. "नाक्यावर काय झालं ते मिशनच्या स्वयंपाकिणीने डोळ्यांनी बघितलं. तू रोज त्या झाडावर बसून रस्ता बघायचास. उतरायचाच नाहीस. वरूनच विचारायचास, येईल ना? मी 'येईल' म्हटलं की खाली येऊन दोन घास खायचास. मग तू विचारतच राहिलास, बोनिफासी. कुठल्या दिवशी थांबायचं, ते मला कळलंच नाही रे."

मी वल्कलाची घडी सरळ केली.

"तुझ्या त्या माणसाला कळव काय कळवायचं ते. ये. दोन घास खाऊन घे, मग पुरू."