चित्राहुती

॥ श्री गणपती प्रसन्न ॥
माधवनगर, सांगली
३ जुलै २०२४

चि. निमिष यास ताईचे आशीर्वाद, झेपले तर घे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मनोरुग्णांच्या दवाखान्यात जाऊन आले. आपला अनंत आता घरी राहून औषधं घेऊ शकेल, दवाखान्याची माणसं मधूनमधून येऊन बघून जातील, असं डॉक्टरीणबाईंचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात तू साताऱ्याहून जाऊन सांगितलंस, की हा जेवायच्या आधी ताटाशेजारी भाताचे घास मांडतो आणि न दिसणाऱ्यांना जेवायला बोलावतो. बाई दिल्लीकडच्या, त्यांना काय ठाऊक?

निम्या, ती चित्राहुती! एका मांडवात दोघांची मुंज झाली, बाबांनी शेजारी बसवून दोघांना शिकवली. तुझी सुटली म्हणून त्याची भुतं झाली का? त्याला मी माझ्याकडे आणणार. तू फक्त खरं कळव.

देव तुला बुद्धी देवो. नाही दिली तर मी आहेच.
ताई

सातारा
९ जुलै

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

जे दिसलं ते सांगितलं. चित्राहुती मलाही कळते, पण ती दवाखान्याला समजावणं माझं काम नव्हे. त्यानं माझ्या बायकोवर, मयूरीवर, पाट उगारला तेव्हा तू सांगलीत नैवेद्याला मोदक वळत होतीस. ती अजून जिना उतरताना मागे बघते. पुण्य तुझं, पाट आमच्या डोक्यात!

लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.
निमिष

॥ श्री ॥
माधवनगर
२८ जुलै

चि. निमिष यास,

मयूरीच्या भीतीबद्दल माझा शब्द नाही. म्हणूनच तो माझ्याकडे. पण तुला कळत होतं आणि तू गप्प बसलास, हे मी विसरणार नाही.

ह्यांना घेऊन दवाखान्यात गेले. बाईंसमोर डबा उघडून ह्यांनी पाणी फिरवलं, घास मांडले. बाई हसून म्हणाल्या, यांनाही ठेवून घेऊ का? मग त्यांनी अनंताशी नीट बोलून सोडायचं ठरवलं.

परवा तो इथे पहिल्यांदा जेवायला बसला. तळहातावर पाणी घेऊन थांबला. घातली तर परत नेणार नाहीत ना, असं विचारलं. घाल म्हटलं. नेहमीचे पाच झाल्यावर त्यानं सहावा घास ठेवला. हा कुणाचा, म्हटलं. तर म्हणे, निम्या विसरला ना, त्याच्या वतीनं.

तो घास मी कावळ्याला भिरकावणार होते. हात उठला नाही, एवढंच.

मयूरीला अनेक आशीर्वाद. तुझे इथे ठेवलेत. हवे तर त्याच्या शेजारी जेवायला बस आणि घेऊन जा.
ताई