पुढचा खण, मागचा खण

मामा, आर्तिकाचा पाया पडून नमस्कार. मामींनाही नमस्कार. मामींच्या कोंबड्यांना मात्र काही नाही, मागच्या वेळी त्यांनी माझ्या पायाला चोची मारल्या होत्या. तुमचा गुडघा कसा आहे? क्लच दाबताना अजून कट्कन वाजतो का? आजी म्हणते, खोबरेल गरम करून चोळा. (आजी सगळ्यालाच हे सांगते. पप्पांची टॅक्सी सुरू होत नव्हती तेव्हाही हेच म्हणाली होती.) आईचा सिडनीहून फोन येतो. ती बरी आहे, ती ज्या म्हाताऱ्यांचं करते तेही बरे आहेत. शाळा सोडल्यापासून लिहायची सवय गेलीय, तेव्हा चुका मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या. फोनच केला असता, पण फोनवर मी नुसतं हं म्हणते, मग तुम्हीपण हं म्हणता, आणि तेवढ्यात आपलं बोलणं संपतं.

तर मामा, गेल्या आठवड्यात भरलेला टँकर घेऊन तुम्ही वाइकुलाचा चढ चढत होतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला दोन टॅक्सी उभ्या होत्या आणि आम्ही सगळे तुम्हाला हात करत होतो. तुम्ही छान हसलात, हात हलवलात, दोनदा हॉर्न वाजवलात आणि निघून गेलात. त्याबद्दल हे पत्र आहे. आम्ही तिथं तुम्हाला नमस्कार करायला उभे नव्हतो.

आधीपासून सांगते. तुम्हाला माहितीच आहे की पप्पा जन्मात हिरव्या पंपाशिवाय कुठं पेट्रोल भरत नाहीत आणि त्यांच्या शेजारी टॅक्सी लावणारे आपिसाईकाका लाल पंपाशिवाय. भाव तर सरकार ठरवतं, दोन्हीकडे एका सेंटचा फरक नाही, त्यामुळे भांडायला नुसतं पेट्रोलच उरतं. टॅक्सी स्टँडवर मुळ्या कुटून कालवलेल्या ग्रॉगचं पातेलं मध्ये ठेवायचं, टाळी वाजवायची, करवंटी तोंडाला लावायची, आणि मग सुरू. पप्पा म्हणणार, हिरव्यानं गाडी चढावर गाणं म्हणते. आपिसाईकाका (नातं काही नाही, लाडानं मेव्हणा म्हणतात) म्हणणार, "अरे मेव्हण्या, ते गाणं नाही, ती रडते. तुझं पेट्रोल उन्हाचं टाकीतून उडून जातं, तू निम्मा रस्ता वासावर चालवतोस." मग पप्पा म्हणणार, "आणि तुला चढावर मागून ढकलायला रग्बीची टीम लागते त्याचं काय?" मी पलीकडे बाकावर रोट्यांची पुडकी घेऊन बसलेली असते (बटाट्याची आणि डब्यातल्या माशाची, तुम्हाला माशाची आवडते ना). मी काही बोलत नाही. गिऱ्हाईक बोटानं दाखवतं, मी देते. इतकी वर्षं ही भांडणं ऐकून माझं असं मत झालंय की दोघांना पेट्रोलमधलं काही कळत नाही, पण भांडण फार चांगलं येतं.

बिघडलं ते तुमच्यावरून. म्हणजे तुमचं काही चुकलं नाही. दोन्ही पंपांना टँकर तुमचाच येतो हे सगळ्यांना दिसतं. पण स्टँडवर सगळे धरून चालतात की टँकरला दोन खण असतात, पुढचा हिरव्याचा आणि मागचा लालचा. तर एक दिवस आपिसाईकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, याच्या बायकोचा भाऊ टँकरवर! लालचं चांगलं पेट्रोल तो हिरव्यात सोडत असणार. म्हणजे हा दीरपाल इतकी वर्षं माझंच पेट्रोल पितोय!" सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. पप्पा म्हणाले, "माझ्या सासुरवाडीचं नाव काढायचं नाही." उठले, आपली करवंटी धुतली, खिशात घातली आणि घरी आले. मामा, करवंटी घरी आणली म्हणजे बसणं-उठणं संपलं, ते तुम्हाला मी काय सांगू. तिकडं आपिसाईकाकांनीपण आपली उचलली.

तेव्हापासून पप्पा माझ्या स्वयंपाकघरात. गिऱ्हाईकानं फोन केला तर टॅक्सी काढायची, नाहीतर स्टुलावर बसायचं. मी कणीक मळते तर म्हणतात, पाणी जास्त झालं. मी लाटते तर म्हणतात, फिजीच्या नकाशासारखी झाली, बेटं पण सुटी आलीत. दुपारी एकट्यानं ग्रॉग कालवतात, आणि पिताना टाळ्या वाजवायला कुणी नाही म्हणून आजीला बसवतात. आजीला ऐकू कमी येतं, ती मधेच वाजवते. आपिसाईकाकांची वासितीकाकू मला बाजारात भेटली. तिचे डोळे पण माझ्यासारखेच वैतागलेले. म्हणाली, "पोरी, माझा नवरा मला कसावा सोलायला शिकवतोय. मला! एक तर याला स्टँडवर परत पाठव, नाहीतर मी याला सोलते."

शेवटी स्टँडवरचे सगळ्यात जुने गाउंडरकाका म्हणाले, शर्यत लावा. दोन्ही टाक्या रिकाम्या करायच्या, ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या पंपाचं दोन-दोन लिटर, आणि ज्याची गाडी लांब जाईल त्याचा पंप खरा. हरणाऱ्यानं ग्रॉगच्या मुळ्यांचा भारा घेऊन जिंकणाऱ्याकडे जायचं आणि मान खाली घालून बसायचं. टाकी रिकामी करायला पप्पांनी नळी तोंडात धरून ओढली आणि थोडं पोटात गेलं. दिवसभर ढेकर पेट्रोलचे. आजीनं त्यांना चुलीपाशी येऊ दिलं नाही. (त्या दिवशीच्या रोट्या गोल झाल्या.) ढेकर देऊन पप्पा म्हणाले, "बघा, वास कसा स्वच्छ आहे!"

उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडायची नाही, अशी अट होती, कारण ती सवय दोघांना आहे. म्हणून प्रत्येक गाडीत दुसऱ्या बाजूचं माणूस बसवलं. आपिसाईकाकांच्या गाडीत मी. गाउंडरकाका म्हणाले, ही बोलतच नाही तर खोटं काय बोलणार. पप्पांच्या गाडीत वासितीकाकू. ती बसल्यावर गाडी एका अंगाला खाली गेली, आणि पप्पा म्हणाले, वजनाचा अन्याय आहे. वासितीकाकू खो खो हसली. "मला तोलायला आख्खं वाइकुला भरा!" मग आमच्या गाडीत गाउंडरकाका आले, तरी कमी पडलं. मग अळूकंदांचं पोतं, तरी कमी. मग आजीला आणून बसवलं. आजीला वाटलं देवळात चाललोय. तिनं वाटेत सारखं विचारलं, आलं का देऊळ?

मामा, अशी शर्यत तुम्ही पाहिली नसेल. पेट्रोल वाचवायला दोघं इतके हळू चालले की उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागं टाकलं. नंतर एका सायकलनं. नंतर सायकलवाल्याच्या कुत्र्यानं. वारा आत येऊन गाडी अडते म्हणून काचा बंद. आत अळूकंदांचा, गाउंडरकाकांच्या तेलाचा आणि आजीच्या बामाचा वास. गाड्या इतक्या शेजारी की बंद काचेतूनही ऐकू जावं, पण हे दोघं बोलत नाहीत ना! आपिसाईकाका मला म्हणाले, "पोरी, त्या ड्रायव्हर साहेबांना सांग, धूर दिसतोय." (ड्रायव्हर साहेब! इतकी वर्षं मेव्हण्या म्हटल्यावर!) मी खिडकीतून नुसतं बोट दाखवलं. पप्पांनी पण बोट दाखवलं, पण ते वेगळं होतं.

आणि मग चढावर पप्पांची गाडी दोनदा खोकली आणि थांबली. आमची एकदाच खोकली आणि तिथंच शेजारी थांबली. पप्पा उतरून ओरडले, माझं नाक पुढे आहे! आपिसाईकाका म्हणाले, तुझी गाडीच लांब आहे, मागची चाकं मोज! पप्पा म्हणाले, शर्यतीत घोड्याची शेपटी मोजतात का? गाउंडरकाका माझ्याकडे वळले. "साक्षीदार, तू सांग." सगळे बघतायत. माझे कान तापले. मी म्हटलं, "रोट्या गार होतायत."

सगळे इतके दचकले की मुकाट्यानं बसून खायला लागले. खाताखाता कुणाच्या तरी ध्यानात आलं की दोन गाड्या, सहा माणसं, थेंबभर पेट्रोल नाही, आणि चढावर फोनही लागत नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. आख्खा टँकर पेट्रोल! पप्पा रस्त्यात नाचले. वासितीकाकूनं अळूकंदांचं पोतं रिकामं करून ओढणीसारखं फिरवलं. आणि मी, मामा, मी ओरडले. "मामाऽऽ!" असं, जन्मात ओरडले नव्हते इतकं. म्हणून सगळे टँकरकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसले, आणि तुम्ही हॉर्न वाजवून गेलात. आजी म्हणाली, "किती गुणाचा मुलगा, ओळख ठेवतो." (टँकरचं सील फोडता येत नाही ते मला माहितीये. पण थांबायचं तरी!)

टँकर वळणाआड गेला. मग आपिसाईकाका रस्त्याकडे बघत म्हणाले, "मेव्हण्या, हा तुझा नातेवाईक ना?"

पप्पा म्हणाले, "हो रे. याच्यासाठी मी तुझ्याशी भांडलो."

आणि दोघं हसायला लागले ते पोट धरून रस्त्यावरच बसले. नंतर एक उसाची लॉरी आली, त्या माणसानं डब्यातलं पेट्रोल निम्मं निम्मं दिलं. डोंगरापलीकडच्या सावुसावूच्या पिवळ्या पंपाचं. घरी येईपर्यंत दोन्ही खिडक्यांतून एकच ओरडा, "काय घाण पेट्रोल आहे!" "अरे, इंजिन गुळण्या करतंय!" एवढं एकमत दोघांचं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पप्पांनी करवंटी खिशात घातली आणि सकाळीच स्टँडवर गेले. स्वयंपाकघरात इतकं शांत वाटलं की मी एकटीच हसले.

तब्येतीला जपा. गुडघ्याला तेल लावा.

तुमची भाची,
आर्तिका

ता. क. खरं काम राहिलंच. गुरुवारी तुम्ही पंपांच्या टाक्या भरायला याल, तेव्हा दोघं तुम्हाला गाठून विचारणार आहेत की कुठल्या खणातलं कुठं जातं. मामा, जे काही खरं असेल ते सांगू नका. सगळं एकच आहे असं तर मुळीच नको. मग ते बोलणार कशावर? पप्पा पुन्हा स्टुलावर आणि आपिसाईकाका कसाव्यापाशी. तुम्ही नुसतं म्हणा, "पुढचं पुढे, मागचं मागे," आणि गुडघा दुखतोय म्हणून निघून जा. वासितीकाकू तुम्हाला नारळाच्या दुधातला मासा करून पाठवणार आहे.

ता. क. २. मला एकटीला मात्र खरं काय ते सांगा. मी बोलत नाही ते तुम्हाला माहितीच आहे.

ता. क. ३. आत्ताच कळलं. बुधवारी दोघं एकाच गाडीतून पिवळा पंप किती वाईट आहे ते बघायला सावुसावूला चाललेत. टाकीत कुणाचं घालायचं यावर भांडून शेवटी एक लिटर हिरवं आणि एक लिटर लाल असं ठरलंय. पोचणार नाहीत. बुधवारी तुम्हीपण त्याच रस्त्यावर असता ना? डोंगरात कुणी रस्त्यात नाचताना दिसलं तर तो नमस्कार नसेल. या वेळी थांबा. (पण लगेच नको. मला कणीक मळायचीय.)