वाचून दाखवले जाईल

२ मार्च, सोमवार. नांदेड

आज दुपारी टेबलावरच्या काळ्या फोनकडे बघत बसले आणि तीस वर्षांपूर्वीची एक साधी दुपार आठवली. लातूरहून आमच्या पेपरचा बातमीदार व्यंकट फोनवर बातमी सांगतोय, मी इथे नांदेड कार्यालयात लिहून घेतेय. लाइनमध्ये कढईत काही तळल्यासारखी खरखर. गावाचं नाव कळेना. तो ओरडला, "ण! ण बाणाचा!" मी विचारलं, "कुठला बाण?" मी उदगीरच्या आडत दुकानदाराची मुलगी, पण अप्पांनी लहानपणीच हैदराबादला कॉन्व्हेंटात ठेवलेलं. ए फॉर ॲपल पाठ होतं, बाणाचा ण कुणी शिकवला नव्हता.

 मग म्हणाला, "बरं, कॉन्व्हेंटबाई. क कमळाचा. लिहा." आणि बातमी बाजूला ठेवून थेट यज्ञातल्या ज्ञपर्यंत आला. मध्ये मध्ये फुटाणे चावल्याचा आवाज. मीही इकडे शेंगदाणे खात होते. त्यालाही ऐकू जात असणार.

हे सगळं आज आठवायचं कारण: सकाळी हेड ऑफिसचा मेल. नांदेड आणि लातूर, दोन्ही कार्यालयं ३१ तारखेला बंद. पेपरची पानं आता हेड ऑफिसलाच लागतील. मला तिकडे बदली हवी असल्यास कळवावे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, परक्या शहरात, भाड्याच्या खोलीत. नाही.

व्यं.चा फोन आला. "मॅडम, दोन्ही दिवे एकदमच गेले की." आणि हसला. मला हसू आलं नाही.

४ मार्च

मनीषा आधी रडली, मग चहा घेतला, मग म्हणाली मोबाइलवर चॅनल काढते. लोह्याची आहे, आमची शेवटची वार्ताहर, पदरात दोन मुली. फोन स्पीकरवर होता, व्यं. लातूरहून म्हणाला, "काढ की. मामाच्या लग्नाचं लाइव्ह दाखव. अक्षता पडताना ब्रेकिंग न्यूज."

"दाखवीन," ती म्हणाली. "तुम्हाला बोलावणार नाही, काका."

व्यं.ला एका पुढारी साहेबांकडून निरोप आलाय. त्यांची पत्रकं लिहायची, फोटोखालच्या ओळी लिहायच्या. जाणार म्हणतो. "आपण आजवर काय केलं मॅडम? रोज दुसऱ्याच्या सावलीत उभे राहिलो. आता सावली जरा मोठी हाय, येवढंच."

तो असा नव्हता. की असाच होता, आणि मी आवाजालाच माणूस समजत आले?

९ मार्च

मनीषा तिच्या गावाकडची एक म्हातारी घेऊन आली. गयाबाई. लोह्याच्या पुढचं खेडं. निराधारांचा पगार सहा महिने बंद. यादीत नावापुढे 'मयत' असा शेरा. आल्या आल्या म्हणाली, "पेपरात छाप माय. म्या जिती हाय म्हून छाप."

हेड ऑफिसला फोन केला. स्थानिक मजकुराला आता जागा नाही, असं उत्तर.

तिला तसं सांगायचं जिवावर आलं. मग म्हटलं, कागद तर दाखवा. पिशवीतून पिशवी, तिच्यातून आणखी एक. शेवटी जुना अर्ज निघाला. कचेरीपुढच्या एका अर्जनवीसाने लिहिलेला, घाईघाईत. 'कै. गयाबाई भ्र. किसन.'

दोनदा वाचलं. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. आमच्याकडच्या सरकारी कागदावर बाईच्या नावाला नवरा असाच टाचलेला असतो. किसन वारला, तेव्हा कै. त्याच्या नावामागे लागायला हवं होतं. लिहिणाऱ्याने ते तिच्या नावामागे लावलं. यादी करणाऱ्याने तेच उतरवलं. नवऱ्याचं मरण एका शब्दाची जागा चुकून बायकोवर आलं.

विचारलं, "अर्ज लिहिल्यावर तुम्हाला वाचून दाखवला होता का?"

"मला कोण वाचून दाखवतंय, लेकी? आंगठा दे म्हनला, दिला."

नवा अर्ज मी लिहिला. पेपरच्या कागदावर नाही, साध्या कागदावर. मग सगळा वाचून दाखवला. तिचं नाव आलं तसा तिने हात वर केला. "पुन्यांदा वाच. येवढंच वाच."

तीनदा वाचलं.

११ मार्च

झोप नीट नाही. कै. डोक्यातून जात नाही.

मंगल. दहावीला तालुक्यात पहिली आलेली मुलगी. व्यं.ने फोनवर बातमी सांगितली, मी लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं: कै. मंगल हिचे अभिनंदन. कु.चं कै. झालं. सकाळी पेढे मागायला येणारे लोक टोप्या काढून दारात उभे. तिची आजी बेशुद्ध पडली म्हणे.

त्या दिवशी लिहिलेलं मी व्यं.ला परत वाचून दाखवलं नाही. मला बस गाठायची होती, माझ्या लेकीला, गौरीला, ताप होता. शाळेत सिस्टर डिक्टेशन देऊन झाल्यावर प्रत्येकीला शेजारणीला वाचून दाखवायला लावायच्या. तीच सवय मी ऑफिसात आणली होती. एवढ्या एका दिवशी मोडली.

संपादकांनी दोघांनाही विचारलं. मी तोंड उघडायच्या आत व्यं. फोनवर म्हणाला, "माझ्याकडनंच चुकलं." पेढे घेऊन मंगलच्या घरी माफी मागायला तोच गेला. मी खुलासा लिहिला, चार ओळी. त्याला कधी काही बोलले नाही. त्यानंतर मात्र एकही नाव वाचून दाखवल्याशिवाय सोडलं नाही. लोक म्हणायचे, मॅडम फार काटेकोर. काटेकोर कसली. घाबरलेली.

आता ठरवलंय. लातूरला जायचं. दोन गोष्टी सांगायच्या.

१५ मार्च, रविवार. लातूरहून परत येताना, बसमध्ये

अक्षर हलतंय. हलू दे.

व्यं. स्टँडवर आला होता. केस सगळे पांढरे, शर्ट नवीन. साहेबांनी दिला असणार, विचारलं नाही. हॉटेलात बसलो. मी फुटाणे नेले होते. पुडी बघून म्हणाला, "दात ऱ्हायले न्हाईत बाई." तरी खाल्ले.

पहिली गोष्ट आधी सांगितली. म्हटलं, "मंगलची चूक माझी होती. मी त्या दिवशी वाचून दाखवलं नाही. तुम्ही कु. म्हणाला होता."

त्याने पुडी बाजूला सारली. मग म्हणाला, "कुनी सांगितलं? मीच कै. म्हनलो हुतो. त्या दिवशी तिच्या आधी दोन निधनं सांगितली हुती तुम्हाला. जिभेला कै. लागूनच ऱ्हायलं."

"नाही. मीच चुकीचं ऐकलं."

"तुमी बराबर ऐकलं. मी बराबर बोललो न्हाई."

बराच वेळ भांडलो. वेटरला वाटलं बिलावरून चाललंय. दोघेही इतकी वर्षं ती चूक आपापल्या घरी ठेवून होतो आणि आता कुणी सोडायला तयार नाही.

मग दुसरी गोष्ट. म्हटलं, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकते. लोकांचे अर्ज लिहायचे, नावं दुरुस्त करायची. गयाबाईसारखे किती असतील. तुम्ही या. तुमचं कागदपत्रांचं ज्ञान, माझं अक्षर.

तो एकदम कडू झाला. "बातमीदाराचे अर्जनवीस? कचेरीच्या भिंतीला टेकून बसायचं?"

"भिंतीला नाही. माझ्या खोलीत. पंखा आहे."

"आन तुमच्या अर्जानं काय हुतंय? फाईल या टेबलावरनं त्या टेबलावर जाती. वरसाभरात म्हातारी खरंच कै. हुती. मग रेकॉर्ड आपोआप बराबर."

वाईट बोलला. त्यालाही कळलं. डोळे फुटाण्यांच्या पुडीवर. मग हळूच, "मॅडम, मी सात अर्ज केले हुते माझ्या पेन्शनीसाठी. स्वतःच. पत्रकार असून. एकाचंबी उत्तर न्हाई. तुमाला सांगितलं न्हाई."

 हे मला खरंच माहीत नव्हतं. रोज फोनवर बोलणारा माणूस, आणि...

बस सुटताना खिडकीशी आला. "ऱ्हावंदे. तुमी करा. मी एक तारखेपासून साहेबाकडं जाणार हाय."

अहमदपूर गेलं. लोहा येईल आता. रडायचं नाही असं ठरवलं होतं. रडले. पण ठरवलेलं बदललं नाही.

१९ मार्च, पाडवा

गौरीचा पुण्याहून फोन. "आई, इकडे ये. आता कशाला हे नवीन?" म्हटलं, नवीन नाही गं, तेच काम. फक्त आता नावं एकेकच असतील.

कचेरीत परवान्याचं विचारून आले होते. आवारात बसायचं तर लागतो, त्यासाठी नाव दिलंय. घरात बसून कुणाला अर्ज लिहून द्यायला काही लागत नाही.

पाटी रंगवायला टाकली. पेंटर म्हणाला, अर्जनवीस जुना शब्द, 'मल्टिसर्व्हिसेस' लिहू का? नको.

संध्याकाळी ह्यांच्या फोटोला गाठी घातली. जाऊन नऊ वर्षं झाली. ह्यांच्या नावामागे कै. लिहिताना माझा हात अजून अडतो. आणि तिकडे कुणी गयाबाईला एका झटक्यात...

२४ मार्च, मंगळवार. लोहा

गयाबाई, मनीषा, मी. तहसीलला. कारकून वाईट माणूस नव्हता, हे लिहून ठेवते. म्हणाला, "आजी समोर दिसून राहिल्यात मला. पण यादीत मयत आहेत. हयातीचा दाखला आणा." दाखला कुठे मिळतो? यादीत हयात असलेल्यांना, इथेच.

मनीषाने मोबाइल काढला. मी तिला थांबवलं. जुना अर्ज आणि नवा अर्ज शेजारी ठेवले. कै.वर बोट ठेवलं. म्हटलं, हे वाचा. मोठ्याने वाचा.

त्याने वाचलं. पहिल्यांदा भरभर. मग पुन्हा. मग म्हणाला, "अरे. हे तर नवऱ्याचं आहे." पाणी मागवलं. नायब तहसीलदारांकडे प्रस्ताव ठेवतो, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी या म्हणाला. आवकचा शिक्का मारून घेतला. होईलच असं नाही. व्यं. म्हणतो तसंही होऊ शकतं.

गयाबाईने परत येताना मला रस्त्यात उसाचा रस पाजला. "अर्दं काम झालं न्हवं?" म्हटलं, अर्धं झालं. "मग म्या अर्दी जिती," म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली.

२८ मार्च

पाटी आली. व्यं.ला फोटो पाठवला नाही. फोनवर वाचून दाखवली, जुन्या पद्धतीने.

"अर्जनवीस. वी दीर्घ हाय न्हवं?" त्याने लगेच विचारलं.

"दीर्घ आहे."

"खाली काय हाय?"

"अर्ज, नावदुरुस्ती, खुलासे. लिहिलेले वाचून दाखवले जाईल."

पलीकडून बराच वेळ काही नाही. लाइन हल्ली एवढी स्वच्छ असते की गप्प बसलेलंसुद्धा ऐकू येतं.

मग म्हणाला, "साहेबाला एक तारखेपत्तर दम न्हाई. पयलं पत्रक काल लिहून दिलं. म्हनलं, साहेब, वाचून दाखवू का? म्हनले, कशाला, छापून आल्यावर बघू."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. दिलं." थोडं थांबून, "त्यात एक नाव चुकलंय मॅडम. मला आता आठवायलंय."

"कळवा त्यांना."

"हाव," म्हणाला. ठेवला.

येतो म्हणाला नाही. मी विचारलं नाही. विचारायचं ते लातूरला विचारून झालंय.

३१ मार्च, मंगळवार. शेवटचा दिवस

शेवटचं पान चारला गेलं. निधनवार्ता पाच. पाचही मोठ्याने वाचल्या, मनीषा समोर प्रत धरून. कै. पाच, पाचही योग्य माणसांमागे. मनीषाच्या चॅनलची पहिली बातमी गयाबाईची. नाव वाचायच्या आधी मला फोन करून तपासून घेतलं. शिकली.

सामान उद्या सकाळी उचलतील, म्हणून इथेच लिहून ठेवते, म्हणजे घोळ नको.

मोठा शब्दकोश: मनीषाला. 'ण'चं पान सुटलंय, डिंकाने लावून घ्यावं.

गावांच्या आणि माणसांच्या नावांची माझी वही, इस्लापूरपासून उदगीरपर्यंतची: माझ्याकडेच. लागणार आहे.

गौरीला: ह्यांनी दिलेलं शाईचं पेन. पुण्याला न्यायचं, पण तिने त्याने लिहायचं. कपाटात ठेवायचं नाही.

बातम्यांची बांधलेली फाइल, त्या एका जूनची: कुणालाच नाही. मंगलचा पत्ता मिळाला तर खुलाशाची प्रत तिला, आणि सोबत एक पत्र. दोघांच्या सहीचं. व्यं.ची सही घ्यायची आहे.

काळा फोन, बंद: व्यं.ला. त्याने ओरडून ओरडून माझा कान त्यावरच तयार केला.

लाकडी खुर्च्या दोन. एक माझी. दुसरी पुढच्या खोलीत, टेबलाच्या पलीकडे, दाराकडे तोंड करून. ती व्यं.ची. तो येईपर्यंत कुणी मागितली तर द्यायची नाही. फक्त सात तारखेला गयाबाई लोह्याहून निकाल घेऊन येईल, तेव्हा तिला बसू द्यायचं.