बाहेरून सापडेल असा पत्ता

भंडारा

प्रिय अश्विन,

जयभीम. परवा तू साकोलीला आलास, पण वॉर्डात पाहुण्यांची एवढी गर्दी की आपलं बोलणं झालंच नाही. आता तुझ्या आई एकोडीला घरी आहेत, पेज पितात, आणि धानाच्या कापणीवर खाटेवरूनच लक्ष ठेवून आहेत, असं तुझे बाबा फोनवर सांगत होते.

त्या दिवशी काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. कोणत्या रक्तपेढीत कोणतं रक्त आहे, हे दवाखान्यांना कळावं म्हणून आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर मी नवी सोप वेब सर्व्हिस, म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला माहिती विचारायची सोय, लावली होती. साकोलीच्या दवाखान्यातल्या मनिषचा फोन आला, "मॅडम, इकडं काहीच दिसून नाही राहिलं. पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनची बाई थांबली आहे, ओ निगेटिव्ह पाहिजे." तो एकेका रक्तपेढीला फोन लावत होता, कुठे रक्त नव्हतं, कुठे कोणी उचलत नव्हतं. माझ्या ऑफिसात मात्र सगळं सुरळीत दिसत होतं. सर्व्हिस आधी आपल्या वर्णनाची फाइल देते, त्यात निरोप कुठे पाठवायचा तो पत्ता असतो. ती फाइल मी मोबाइलच्या इंटरनेटवरून उघडली, तर पत्त्याच्या जागी आमच्या मशीनचं आतलं नाव! ऑफिसबाहेर ते कोणाला सापडणार? मी कॉन्फिगरेशनमध्ये जाहीर करायचा पत्ता म्हणून बाहेरचा पत्ता लिहिला, सर्व्हिस पुन्हा चालू केली, फाइल परत तपासली. थोड्या वेळाने मनिष म्हणाला, "दिसलं. तुमसरले आहे." रक्ताची गाडी निघाल्यावर मी सहज पेशंटचं नाव विचारलं. तुळसाबाई, एकोडी.

मी तशीच बस धरली. ऑपरेशननंतर बाबा औषधं आणायला खाली गेले होते, आणि आई शुद्धीवर आल्या तेव्हा उशाशी एकटी मीच. त्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं. माझा हात चाचपत त्यांनी विचारलं, "तू कोनाची वं पोरी?"

उन्हाळ्यात तू भंडाऱ्याच्या स्टँडवर लग्नाचं विचारलंस, तेव्हा मी उत्तर न देता बसमध्ये चढले होते. त्या दिवसापासून तू पुन्हा विचारलं नाहीस, घाईही केली नाहीस. 'रक्तपेढीकडून आले' असं मी आईंना सांगू शकले असते. मी म्हणाले, "अश्विनची." बाबा परत येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. आता त्या तुला सांगतीलच. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

तुझीच,
रीना