तुमचं पिस्तूल विकलं नाही

अहो,

तुमचं नाव मी उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही, तेव्हा पत्रातही तेच चालेल ना? लिहायचं कारण एवढंच, की आज सकाळी मी तुमच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊन आले आणि हे सांगायला घरात कोणी नाही.

गेले होते ते तुमचं पिस्तूल विकायला. रागावू नका. परवाना नसेल त्याच्या घरात बंदूक राहू शकत नाही, हा इथला कायदा तुम्हीच मला जेवताना ऐकवायचात. तुमच्यामागे तुमच्या क्लबातल्या गुड्रुननं ते रीतसर स्वतःच्या परवान्यावर चढवून तिच्या तिजोरीत ठेवलं होतं. आपल्या लेकीनं, मृण्मयीनं, फोनवर माझ्या मराठीला नेहमीसारखं जर्मनमध्ये उत्तर दिलं, विकून टाक, तुला काय करायचंय त्याचं. गिऱ्हाईकही मिळालं होतं, म्युनिकजवळचं. दुपारी ते घेऊन जाणार होतं.

गुड्रुनबद्दल एक बोलू? इतकी वर्षं "गुड्रुन म्हणाली", "गुड्रुननं दाखवलं" ऐकून मला त्या बाईचा जरा रागच होता. तुम्ही आजारी पडलात आणि रोज हॉस्पिटलात तीच मला गाडीनं सोडायला लागली, तेव्हा तो गेला. आता तीच माझी एर्लांगेनमधली मैत्रीण. बस चालवून निवृत्त झालेली, आवाजही बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचणारा. सकाळी दारात उभी राहून म्हणाली, "गिऱ्हाईक दुपारी येईल. तोवर एकदा हातात तर घेऊन बघ."

हे तुमच्या तोंडून कधी का नाही निघालं हो? दर शनिवारी थालीपिठांचा डबा मी द्यायची, गुड्रुनच्या वाटणीसकट. आणि "चल तूही" असं एकदासुद्धा नाही! मी आले असते की नाही ते सोडा. विचारायचं तरी.

तर मी उभी राहिले तुमच्या जागेवर. कानांवर ते जाड झाकण, चष्म्यावर आणखी एक चष्मा, मागे गुड्रुन, आणि बाजूला देखरेख करणारे तुमचे क्रामरसाहेब. पहिली गोळी कुठे गेली देव जाणे. दुसरी कागदाला लागली. कोपऱ्यात लागली, पण लागली. तुम्ही गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

आणि त्या आनंदात एक पाऊल मागे घेतलं, तर पायाला तुमची पिशवी लागली. तीच खाकी, जिची चेन मी दोनदा बदलून दिली. गुड्रुन अजून त्यातच तुमचं सामान आणते. तुमच्या वस्तूला पाय लागल्यावर माझं काय होणार? मी वाकले, पिशवीला हात लावून कपाळाला न्यायला. उजवा हात. त्यात पिस्तूल आहे हे डोक्यातच आलं नाही.

क्रामरसाहेब ओरडले ते कानावरच्या झाकणातूनही ऐकू आलं. गुड्रुननं माझं मनगट पकडून नळी समोरच्या भिंतीकडे वळवली, पिस्तूल काढून बाकावर ठेवलं. सगळ्यांची नेमबाजी थांबली. आत्ता लिहितानाही अंगावर काटा येतोय.

"हे काय होतं?" क्रामरसाहेबांनी विचारलं.

भाजीबाजारापुरतं माझं जर्मन. म्हटलं, पाय लागला म्हणून नमस्कार केला.

"पिशवीला?"

"माझ्या नवऱ्याची आहे."

मला वाटलं, आता हे मला बाहेर काढणार आणि बरोबरच करणार. पण ते गुड्रुनकडे बघायला लागले, आणि गुड्रुन म्हणाली, "गेनाऊ! अगदी बरोबर! तोही हेच करायचा. काडतूस पडून पायाला लागलं तरी वाकायचा. आम्हाला वाटायचं, त्याची कंबर धरते."

"पण तो आधी पिस्तूल खाली ठेवायचा," क्रामरसाहेब म्हणाले.

अहो, तुम्ही? मी घरात पेपरला पाय लागला म्हणून हात लावला, की "रद्दी आहे ती" म्हणून मला हसणारे तुम्ही? माझ्यासमोर लाज वाटायची, आणि त्या जर्मन मंडळींसमोर नाही? मी तिथेच रडले. गुड्रुननं रुमाल दिला.

क्रामरसाहेब म्हणाले, "आज एकदा सोडतो. पुढच्या वेळी आधी बाकावर ठेवायचं."

पुढच्या वेळी, म्हणाले. मी गुड्रुनला म्हटलं, त्या गिऱ्हाइकाला फोन कर, म्हणावं निघू नका. तिनं लगेच फोन काढला.

तर तुम्हाला शब्द देते. वर्षभर नेमानं सराव, मग परीक्षा, मग माझा परवाना. तोवर पिस्तूल गुड्रुनकडे. वाकण्याआधी ते बाकावर ठेवीन, नळी समोर करून, तुमच्यासारखं. मृण्मयीलाही कळवलंय, शनिवारी सकाळी फोन करू नकोस, आई घरी नसते.

तुमचीच,
सुलभा