ती उपाशी नव्हती

बाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी माझं तुमच्याशी भांडण मिटलेलं नाही. काल ते पुन्हा उकरून निघालं. चार वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई माझ्याकडे आली होती. मुलगा स्वमग्न आहे, अजून बोलत नाही. तिने कुठेतरी वाचलं होतं की अशा मुलांना शिकवणारे आम्ही लोक खाऊचं आमिष दाखवून मुलांना सर्कशीतल्या जनावरांसारखं वळण लावतो. "तुम्हीपण तसंच करता का?" तिने सरळ विचारलं. मला तुमच्या वतीने राग आला आणि मी तिला तासभर ऐकवलं. ती गेल्यावर लक्षात आलं, निम्मं तिचंच खरं होतं. मग मला तुमचा राग आला, आणि हे लिहायला बसले.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा काळ तो. बाबांची बदली होऊन आम्ही कोलकात्याला गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. मी चौदाची, धाकटी सातची. ती बोलत नसे, एका जागी बसत नसे, दिवसातून चार वेळा भिंतीवर डोकं आपटून घेई. डॉक्टरांनी मतिमंद म्हणून मोकळं केलं होतं. गावाकडून नातेवाइकांनी अंगारे पाठवले होते, आणि सोबत आईच्या मागच्या जन्माचा हिशेबही. बाबांना प्रत्येक गोष्टीला मुदत लागे. "दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत बघू," ते आईला म्हणाले, "नाहीच काही जमलं तर तिला त्या संस्थेत ठेवू. पत्र लिहून ठेवलंय मी." ती संस्था दुसऱ्या राज्यात होती आणि मुलांना भेटायला वर्षातून दोनदाच जाऊ देत. आई भांडी आवरत राहिली. तिचे दोन्ही हात धाकटीने कोपरापर्यंत चावलेले होते, आणि खरं सांगायचं तर ती थकली होती.

आणि तुम्ही आलात. बागबाजारात जन्मलेल्या, तीन पिढ्यांच्या कोलकात्याच्या मराठी बाई, अशा मुलांना शिकवायचं कसं ते विलायतेत शिकून आलेल्या. "सकाळी चहा खाऊनच निघते मी," बंगाली वळणाने म्हणायचात, आणि आई पदराआड हसायची. ऑटिझम हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा तुम्ही उच्चारलात. पहिले तीन दिवस तुम्ही काहीच केलं नाहीत, नुसत्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिलात. चौथ्या दिवशी मला जवळ बोलावलंत. "ती डोकं आपटते त्याच्या आधी काय होतं, आणि नंतर तिला काय मिळतं, एवढंच बघ. ती हट्टी आहे की शहाणी, ते नंतर ठरवू." मी बघितलं. आई स्टोव्हला पंप मारायची, तो भरभर आवाज सुरू व्हायचा, धाकटी डोकं आपटायची, आणि आई बिस्कीट घेऊन धावायची. तुम्ही स्टोव्ह मागच्या व्हरांड्यात ठेवायला लावलात. आठवड्याभरात आपटणं निम्म्यावर आलं. सात वर्षं आम्ही जिला झपाटलेली समजत होतो, तिला फक्त स्टोव्हचा आवाज सहन होत नव्हता. तुमच्या या शिकवणीवर मी पन्नासएक वर्षं काम केलंय, आणि तिला कुणी क्रूर म्हटलं तर आजही मी बाह्या सरसावते.

पण मग तुम्ही धाकटीचं खाणं बंद केलंत. आठवड्यातून तीन सकाळी साडेसातला तुम्ही शिकवायला यायचात, आणि आदल्या रात्रीपासून तिने काही खाल्लेलं नसावं असा तुमचा हुकूम होता. पोट भरलेलं असलं तर खाऊची किंमत राहत नाही, आणि किंमत नसली तर ती शिकणार कशासाठी? तिला खुर्चीत बसवायचं, समोर देवळात प्रसादाला मिळतात ते साखरेचे पांढरे नकुलदाणे ठेवायचे. बसली की एक दाणा. बघितलं की एक दाणा. मग ओठ हलवले तर, मग आवाज काढला तर, असं पायरीपायरीने 'दे' या शब्दापर्यंत न्यायचं. हात दाण्याकडे गेला की तुम्ही तो धरून मांडीवर ठेवायचात. ती रडायची, तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात. आमच्या घरात भरल्या ताटावरून कुणाला उठवत नसत, रागावणंसुद्धा जेवण झाल्यावर. आई उठून आतल्या खोलीत जायची. एकदा न राहवून मी तीन दाणे धाकटीच्या मुठीत कोंबले. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "दया करायची असेल तर देवळात जा. इथे शिकवायचं आहे. माझं ऐकायचं नसेल तर तसं सांगा, मी उद्यापासून येणार नाही." बाबा तिथेच बूट घालत होते. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला पुरेशी होती.

त्यानंतर मी तुमच्यासमोर एकदाही तोंड उघडलं नाही. मी पहाटे साडेपाचला उठू लागले. धाकटी तेव्हा जागीच असे. स्वयंपाकघरात फरशीवर दोघी बसायचो आणि मी तिला दहीभात भरवायची. तुमच्यासारखंच करायची बरं का, तुमच्याकडूनच शिकले होते: घास तोंडासमोर धरायचा, 'दे' म्हणायचं, जरा थांबायचं. फक्त ती काही म्हणाली नाही तरी घास द्यायचा. वाटी मी विसळून पालथी घालायची. चौथ्या दिवशी बघते तर ओट्यावर मोठी वाटी झाकून ठेवलेली, भात मऊ कालवलेला, वर मिठाची चिमूट. आईने त्याबद्दल मला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

श्रावणात एका सकाळी तिने माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "दे." वाटी जवळजवळ संपली होती. मी पुन्हा घास धरला, ती पुन्हा म्हणाली. मी रडले की हसले ते आठवत नाही. आठवतं ते हे की मी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. पहिला शब्द बोलली बहीण, आणि मी चोरी केल्यासारखी बसले होते.

तुमच्यासमोर ती तीन आठवड्यांनी बोलली. बाबा ऑफिसला निघता निघता थबकले. तुम्ही तिला दाणा दिलात, तिने पुन्हा "दे" म्हटलं, आणि बाबा आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "सध्या राहू दे. पत्र टाकत नाही." फाडलं नाही त्यांनी ते. टेबलाच्या खणात राहिलं.

पूजेच्या आधी तुम्ही मला एस्प्लनेडला नेलंत. गर्दीतून माझं मनगट घट्ट धरून चालत होतात. एका हॉटेलात मला कटलेट मागवलंत, वर दुसरं मागवलंत. "पोट भरून खा, वाढतं वय आहे," म्हणालात. मग तुमच्या नोंदींची वही काढून मला दाखवलीत. धाकटीच्या पहिल्या शब्दाची नोंद होती, आणि तिच्यापुढे इंग्रजीत लिहिलं होतं की बारा तास अन्न दिलेलं नव्हतं. ही वही तुम्ही डॉक्टरांना दाखवणार होतात, इतर आईबापांना दाखवणार होतात. "हा पुरावा आहे," तुम्ही म्हणालात. तुम्ही इतक्या आनंदात मला पुन्हा कधी दिसला नाहीत. माझा घास तोंडात होता. मी तो चावत राहिले.

बाई, ती उपाशी नव्हती. मी पहाटे उठू लागल्यापासून एकाही सकाळी नव्हती. पायऱ्या तुमच्या होत्या, धीर तुमचा होता, पण भूक कामाला आली नाही, कारण भूक नव्हतीच. आज माझ्याकडे मूल येतं तेव्हा मी आईला पहिली गोष्ट सांगते ती ही, की त्याला खाऊ घालून आणा. तुम्ही असतात तर याला लाड म्हणाला असतात. म्हणा. धाकटी आता साठीच्या घरात आहे. शब्द वीस-पंचवीसच बोलते, पण माझ्याकडेच राहते, आणि त्या पहाटांची मला लाज नाही. तुम्हाला फसवलं त्याचीही नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा फसवीन.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. असता तरी पुढचं वाचून तुम्हाला काय वाटेल या भीतीने मी ते टाकलं नसतं. मॅट्रिक झाल्यावर मी तुमच्या हाताखाली कामाला आले, तेव्हा एक आई तिच्या पाच वर्षांच्या मुलीला ट्रामने आणायची. मुलगी भुकेने कळवळायची, आणि एक दिवस त्या आईचा धीर सुटला. "ओके ना खाइये राखतेइ होबे?" तिने विचारलं, हिला उपाशी ठेवायलाच हवं का? तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "हिच्या बहिणीला ठेवलं होतं, ती बोलली. विचारा हिला." संस्थेला लिहिलेलं बाबांचं पत्र अजून खणात होतं. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, आणि मी हो म्हणाले.