डाव्या हाताची ढाल

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला एक आजी आहे. आठवते का बघ. ठेंगणी, तोंडाळ, छत्र्या दुरुस्त करणारी. दात काढायच्या भीतीने तू पलंगाखाली लपायचीस, तेव्हा तुला पायाला धरून ओढून काढणारी. आता तू स्वतःच लोकांच्या कवळ्या बनवतेस, मोठी झालीस, तेव्हा आजी विसरणं साहजिक आहे. फोनवर तू नुसतं हं-हं करतेस आणि फोन ठेवला की सगळं वाऱ्यावर. म्हणून कागदावर घालते आहे.

लिहितो आहे तुझा बाप. मला अक्षर येत नाही म्हणून तो सोयीचं लिहील आणि गैरसोयीचं गाळेल. त्यावर मी उपाय केला आहे. पाकीट बंद करण्याआधी शेजारची इस्त्रीवाली मला सगळं वाचून दाखवणार आहे. हेही त्यालाच लिहायला लावलंय. लिहितोय, पण कान लाल झालेत.

माझ्या अंगावरून वारं गेलं त्याला आता बरेच महिने झाले. पाय आला, जीभ आली (ती गेलीच नव्हती असं तुझा बाप म्हणतो), डाव्या हाताचा अंगठाही आला. बोटं मात्र पाहुण्यासारखी वागतात. बसवलं तिथे बसतात, काम सांगितलं की ऐकून न ऐकल्यासारखं करतात. छत्रीचं काम म्हणजे डाव्या हाताने काड्या एकत्र दाबून धरायच्या आणि उजव्याने तार ओवायची. डावा नसेल तर दुकान कसलं!

हे तुझ्या बापाने माझ्याआधी ओळखलं. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एकाला त्याने दुकान द्यायचं ठरवलं आहे, एप्रिलपासून. मला विचारलं नाही, ठरल्यावर कळवलं. आई, आता आराम कर, म्हणाला. आराम मला पुढे भरपूर करायचा आहे, त्याची एवढी घाई नाही, असं मी त्याला सांगितलं. तेव्हापासून तो जेवताना माझ्याकडे बघत नाही.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला. दाबायचा आणि सोडायचा. दाबला की काय होतं? काही नाही. सोडला की? तरीही काही नाही. असल्या कामाला बोटं कशाला उठतील? मग मला तुझं ते टीव्हीला जोडून खेळायचं दोन शिंगांचं यंत्र कपाटात सापडलं. बाई म्हणाल्या, उत्तम, दोन्ही हात गुंततील. तुझ्या बापाने मला रंगीत गोळ्या जुळवायचा खेळ लावून दिला. मला झोप लागली.

मला तो खेळ हवा आहे, ज्याच्यापायी तू किंचाळायचीस आणि यंत्र गादीवर आपटायचीस. तसल्या खेळांच्या तीन डब्या कपाटात आहेत. पहिली कुठली लावू ते सांग. मला झेपणार नाही असं लिहू नकोस. ते म्हणायला घरात एक माणूस आहे, तोच हे लिहितो आहे.

माया आहे, ती तिकडच्या धांदलीत सांडू नकोस.

तुझी आजी


ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. मी तुला विसरलेले नाही, फक्त तुझ्या फोनला घाबरते. काल एका गृहस्थांच्या कवळीला रंग देताना तुझं पत्र आठवलं आणि एकटीच हसले. माझ्या शेजारी काम करणाऱ्या मुलीला वाटलं, मी त्या कवळीलाच हसले.

तिन्ही डब्या एकाच जातीच्या आहेत. तिन्हींत तू मरणार, सारखी मरणार. मेलीस की जमवलेलं सगळं त्या जागी सांडतं. पुन्हा तिथवर जाऊन उचललंस तर तुझं, वाटेत परत मेलीस तर कायमचं गेलं. रागावायचं नाही, हा पहिला नियम. मला तो कधीच पाळता आला नाही.

घोड्याची डबी आहे तिच्यात मोठं मैदान आहे. एखादा शत्रू भारी पडला तर घोडा वळवायचा, दुसरीकडे जायचं, तयार होऊन परत यायचं. लांबून मारता येतं, मदतीला कोणी बोलावता येतं. माझ्या कामावरचे सगळे म्हणतात, नवख्याने इथूनच सुरुवात करावी. मलाही तेच वाटतं.

तलवारीच्या डबीला हात लावू नकोस. तिच्यात ढाल नाही, सोबती नाही. समोरच्याचा वार येईल त्याच क्षणी आपली तलवार आडवी घालायची. मी ती अर्ध्यात सोडली.

तिसरी काळी डबी सगळ्यात जुनी. पाण्यात बुडालेलं गाव, अरुंद गल्ल्या, दिव्यांचे खांब. खेळ संथ, पण छळवादी. डाव्या हातात ढाल असते आणि ती वर धरायला डाव्या तर्जनीने वरचं बटण दाबून ठेवावं लागतं. बोट घसरलं की ढाल खाली आणि तू आडवी. घंटेच्या मनोऱ्यापाशी एक हातोडेवाला राखणदार आहे, निम्मे लोक त्याच्यापाशीच खेळ सोडतात. हिच्यापासून सुरुवात कर असं कोणीच सांगणार नाही.

तेव्हा घोड्याची लाव. आणि आजी, दुकानाबद्दल मी बाबांशी बोलेन, पण त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. तुला किती धावपळ झेपेल याची काळजी मलाही वाटते.

रागावलीस तरी जीव लावणं थांबवू नकोस.

तुझी भिंगरी


ता. २ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र इस्त्रीवालीने वाचून दाखवलं. बापाचं अगदीच चुकत नाही, हे वाक्य तिने दोनदा वाचलं. मी नव्हतं सांगितलं.

तुझा मान राखायला घोड्याची डबी लावली. घोडा देखणा आहे. पण पळून जाणं मला शिकायचं नाही. आणि घोडा उधळताना डावा अंगठा काय ती हालचाल करतो, बाकीची बोटं शेजारी बसून तमाशा बघतात. तू मला काळ्या डबीपासून लांब ठेवायला तिचं वर्णन केलंस. त्यातच मला हवं ते सापडलं. जो खेळ माझ्या डाव्या तर्जनीला सुट्टी देत नाही, तोच माझा पहिला खेळ. लोक काय सांगतात ते लोकांच्या हातांचं आहे.

मेले. खूप मेले. उंदरांनी मारलं, एका पोत्यात लपलेल्या माणसाने मारलं, एकदा कोणीच मारलं नाही तर मी आपणहून पाण्यात पडले. मेलं की लाल अक्षरं येतात. काय लिहिलंय म्हणून तुझ्या बापाला विचारलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, आईला असलं वाचून दाखवायची माझी छाती नाही. तेव्हापासून त्या खेळातलं एक अक्षर तो वाचत नाही. इस्त्रीवालीला ती परकी लिपी येत नाही. म्हणून मी आपली डोळ्यांनी बघून चालले आहे.

त्या गावात शत्रू पडला की त्याच्यातून तेल निघतं, ते माझ्या बुधल्यात जमा होतं. कशाला लागतं देव जाणे. प्रत्येक दिव्याखाली एक म्हातारा हात पसरून बसलेला असतो. चांगला धडधाकट आहे, खांदे बघ त्याचे! मागण्यापेक्षा चार काड्या उचलल्या असत्या तर पोट भरलं असतं. मी त्याला एक थेंब दिला नाही.

आता मी हातोडेवाल्यापाशी आले आहे. लबाड माणूस. हातोडा उचलतो आणि नुसता उभा राहतो. मी ढाल धरून वाट बघते. माझं बोट थरथरतं, घसरतं, आणि तेवढ्यात तो हाणतो. परवा व्यायामवाल्या बाई पिशवी खांद्याला लावूनच बघत उभ्या राहिल्या आणि पुढच्या पेशंटकडे उशिरा पोचल्या. बोट आता आधीपेक्षा जास्त वेळ टिकतं असं त्या म्हणाल्या. तुझा बाप तेव्हा खोलीत होता. तरी कव्हरवाल्याला अजून नाही म्हणाला नाही.

आठवण ठेव, म्हणजे मला टोमणे कमी मारावे लागतील.

तुझी आजी


ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,

अ. आ. हे पत्र माझं आहे. आईने सांगितलेलं नाही आणि इस्त्रीवाली वाचणार नाही.

दुकान का देतोय ते तुला सांगितलं नव्हतं. आईच्या अंगावरून वारं गेलं त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तेव्हा दुकानात जमिनीवर एक उघडी छत्री पडली होती आणि तिच्याखालून आईच्या चपला दिसत होत्या. चपलांत पाय होते. छत्री उचलायला मला धीर होईना. रस्त्यावरून लोक जात होते, कोणाला पत्ता नव्हता. आता ती पुन्हा तिथे एकटी बसायचं म्हणते. मी कसा हो म्हणू?

दुसरं. तो म्हातारा भिकारी नाही. त्याच्या डोक्यावर स्पष्ट लिहून येतं की तेल दिलं तर तो ताकद देतो. मी वाचलं आणि बोललो नाही. म्हटलं, कंटाळेल, सोडेल, दुकानाचंही खूळ जाईल. ती कंटाळत नाही. सुरुवातीच्या लुळ्या बाहुलीने त्या राक्षसापुढे जाते, मरते, पाणी पिते, परत जाते. मला बघवत नाही आणि उठवतही नाही.

तुझं ती ऐकते. खेळ सोड म्हणून लिही. हात होईल तेवढा होईल.

तब्येत सांभाळ. तुझ्या बापाबद्दल फार वाईट मत करून घेऊ नकोस.

बाबा


ता. १० मार्च

ती. आजीस,

सा. न. वि. वि. हे पत्र इस्त्रीवाल्या मावशींकडूनच वाचून घे.

दिव्याखालचा म्हातारा मागत नाही गं, देतो! तेल दे, त्याच्या बदल्यात तो तुझ्या माणसाची ताकद वाढवतो. वाटेत एवढी माणसं मारून तू जमवलेलं तेल त्याच्यासाठीच होतं. त्याला डावलून कोणी हातोडेवाल्यापर्यंत पोचत नाही. वर्षानुवर्षं खेळणारे लोक मुद्दाम पैज लावून तसं करतात आणि त्यांतले बरेच हरतात. मी इथे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. एकीने हातातली अर्धी कवळी खाली ठेवली आणि तुझं वय विचारलं. मला माहीत नाही म्हणाले, खरंच नाही माहीत.

आता तेल देऊन टाक. हातोडेवाला दोन-चार फटक्यांत झोपेल.

बाबांनी मला वेगळं पत्र लिहिलं. तुला खेळ सोडायला सांग म्हणाले. म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं त्यांनी वाचलं होतं. मी तुला सोड असं सांगणार नाही. पण तू पडलीस तेव्हा उघड्या छत्रीखालून त्यांना फक्त तुझ्या चपला दिसल्या होत्या. ते दुकानाला घाबरलेत, तुला नाही. भांडताना तेवढं ध्यानात ठेव.

ओरडलीस तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी इस्त्रीवालीकडून तुझ्या बापासमोरच वाचून घेतलं. तो खिडकीची कडी घासत बसला. घासण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं. मी ओरडले नाही. एवढंच म्हटलं, यापुढे पडद्यावर जे येईल ते सगळं वाचायचं, लाल अक्षरांसकट. आता वाचतो. मी मेले की तू मेलीस असं म्हणतो आणि वर, जेवून घे, असं स्वतःच्या मनाचं घालतो.

मग मी दिव्यापाशी गेले. धडधाकट माणसाला भिकारी समजले म्हणून मनातल्या मनात माफी मागितली. तेल मात्र दिलं नाही. तू म्हणशील, म्हातारी हट्टी. अगं, तो ताकद देणार ती टीव्हीतल्या त्या बाहुलीच्या दंडात जाणार. माझ्या बोटात थोडीच येणार? हातोडेवाला दोन फटक्यांत झोपला तर माझ्या तर्जनीने मग करायचं काय? मला तो उभाच हवा आहे. त्याने हाणावं आणि माझ्या बोटाने धरून ठेवावं.

काल सकाळी हेच चाललं होतं. ढाल वर होती. त्याने हाणलं, टिकली. परत हाणलं, टिकली. तेवढ्यात तुझा बाप म्हणाला की कव्हरवाला टेप घेऊन दुकानाची मापं घ्यायला आलाय. मी हातोडेवाल्याला तसाच सोडून उठले.

दुकानात कव्हरवाला माझ्या स्टुलावर उभा राहून भिंत मोजत होता. मी त्याला खाली उतरायला सांगितलं, स्टूल पुसलं आणि बसले. कोपऱ्यातली एक मोडकी छत्री घेतली. डाव्या हाताने काड्या धरल्या, उजव्याने तार घेतली. काड्या सुटल्या आणि फटकन उघडल्या. कव्हरवाला मागे सरकला. परत धरल्या, परत सुटल्या. तुझा बाप दारातून धावत धरायला आला. मी त्याला म्हटलं, हात लावायचा नाही. तुला भीती वाटते ना, मग वाटू दे. पण आत बसून घाबर, बाहेर उभा राहून नको.

तो आत बसला. कापडांच्या गाठोड्यावर.

तिसऱ्यांदा बोटांनी धरलं. बोट थरथरलं, पण आता मला ते थरथरणं ओळखीचं झालंय. घसरण्याआधी ते जरा आधी कळवतं, तेवढ्यात आवळायचं. तार आत गेली. पीळ वाकडा पडला. माझ्या चांगल्या दिवसांत असला पीळ कोणी दाखवला असता तर मी त्याला हाकललं असतं. छत्री उघडली, मिटली, परत उघडली. उघडताना तुझ्या बापाने डोळे मिटून घेतले होते. छत्रीच्या वरून मी त्याला हाक मारली, तेव्हा उघडले.

कव्हरवाल्याने टेप गुंडाळली आणि काय ठरलं ते विचारलं. माझ्याकडे नाही, तुझ्या बापाकडे बघून. तुझा बाप गाठोड्यावरून उठला. मग म्हणाला, दुकान रिकामं नाही. आपणही दुपारी तिथेच बसणार, असं त्याने मला परतताना रस्त्यात सांगितलं. बसू दे. गिऱ्हाइकांना पाणी देईल.

हे वाक्य मी त्याला मुद्दाम दोनदा लिहायला सांगितलं आहे: दुकान द्यायचं नाही. दुकान द्यायचं नाही.

हातोडेवाला अजून पडलेला नाही. तुझ्या मैत्रिणींना सांग. तो उभा आहे, मीही उभी आहे, आणि तेल भरलेला बुधला माझ्या कमरेला आहे. आता दुकान सुरू झालं की त्याला फक्त रविवारी वेळ मिळेल.

जीव लावतेस तसा लावत राहा. मी इथे आहे.

तुझी आजी

ता. क. खाऊ पाठवणार असशील तर भुईमुगाच्या शेंगा पाठव. दाणे नकोत, तुझ्या बापाने आणले होते ते इस्त्रीवालीला देऊन टाकले. टरफलांसकट शेंगा पाठव, चांगल्या कडक बघून; डाव्या हाताने फोडायच्या आहेत.